गट कशावरून?

जळगाव,
२३ डिसेंबर १९९५

ती. सुकदेवभाऊ यांच्या चरणी पितांबरचा नमस्कार.

तुमचा गुडघा या थंडीत कसा वागतो आहे ते कळवावे. वहिनींच्या खोकल्यासाठी अडुळसा पाठवला होता. तो पोचला का, आणि पोचला असल्यास त्यांनी स्वतः घेतला का (की नेहमीप्रमाणे शेजारणीला देऊन पुण्य पदरात पाडून घेतले), हेही कळवावे. तुमची भगिनी मंदा मजेत आहे. तिची तब्येत आणि आवाज दोन्ही जागच्या जागी आहेत. इकडे सर्व क्षेम आहे, एक पंखा सोडून.

भाऊ, आधी पंख्याचेच सांगतो. हे दुःख कार्यालयात कोणाला सांगता येत नाही, आणि घरी सांगून पाहिले तर मंदा म्हणाली, डिसेंबरात पंखा हवाय कशाला? वारा हवा की नको, हा प्रश्नच नाही. मी या केळी उत्पादक संघाचा हेडक्लार्क. टेबल, घंटी आणि पंखा ही त्या पदाची तीन लक्षणे. घंटी माझ्या आधीच्या हेडक्लार्कच्या काळापासून वाजत नाही. टेबलाचा चौथा पाय दुसऱ्या कुठल्यातरी टेबलाचा आहे, त्यामुळे सही करताना मला डावीकडे कलावे लागते. राहता राहिला होता पंखा, आणि तोही माझ्या घरचा, स्वखर्चाने आणलेला. तो मंगळवारी दोन शिपाई आले आणि जप्ती असल्यासारखे उचलून घेऊन गेले. का, तर कॉम्प्युटरला गरम होते! त्या खोलीतला एसी बंद पडला आहे आणि दुरुस्त करणारा नाशिकहून निघाला आहे. (महिनाभर निघालेलाच आहे.) म्हणजे मी सातपुड्यावरून येणाऱ्या वाऱ्यात हात चोळत बसायचे आणि शेजारच्या खोलीत एका पत्र्याच्या पेटीने माझ्या पंख्याचा वारा खायचा. बरे, जाब विचारायला जावे तर दाराशी पाटी: चपला बाहेर काढा. आमच्या मारुतीच्या देवळातही हल्ली कोणी इतके कडक नसते. आणि त्या गाभाऱ्यात पुजारी म्हणून बसले आहेत कोण? तुमचे चिरंजीव हिलाल.

तर तुमचे पत्र मिळाले. हिलालला संक्रांतीच्या आत धुळ्याला पाठवून द्यावे, नव्या वर्कशॉपची किल्ली त्याच्या हाती द्यायची आहे, मोटार रिवाइंडिंगचे चालते दुकान सोडून पोरगा परगावी टायपिंग करत बसतो याची बाजारात लाज वाटते, हा मजकूर मी एकदा वाचला आणि मंदाने अनेकदा. हिलालला दाखवला नाही. (त्याने परस्पर वाचला. तेव्हापासून जेवताना मीठसुद्धा मागत नाही.) पोरगा माझ्या घरी राहतो, तेव्हा उत्तर देणे मला भाग आहे. देतोच. पण त्याआधी गेल्या रविवारी इथे जे घडले ते ऐकून घ्या. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आठवडाभर मी रस्त्यात माणसे थांबवून सांगतो आहे, काल तर एका अनोळखी रिक्षावाल्याला सांगितले आणि त्याने भाडे कमी घेतले.

आमचे चेअरमन धनसिंगआबा. फैजपूरकडचे मोठे बागायतदार, पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. (हात जड आहे.) दर हिवाळ्यात एका रविवारी ते संघाच्या सगळ्या सभासदांना आपल्या मळ्यात भरीत खायला बोलावतात. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, लसूण-मिरची घालून लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी. धुळ्याचे भरीत मी खाल्ले आहे, वहिनींच्या हातचे, त्याबद्दल आदर आहे. पण हे वेगळे. अडचण एकच. सभासद तीनशेच्या वर, म्हणजे चार पंगती. पहिल्या पंगतीला मिळते ते भरीत, आणि चौथीला मिळते ती त्याची बातमी. पहिल्या पंगतीला कोण बसणार हे आबा ठरवत, आणि कशावरून ठरवत हे कोणालाच उमगत नसे. वयावरून म्हणावे तर सगळ्यात थकलेला म्हातारा शेवटी. बागेवरून म्हणावे तर सगळ्यात जास्त खोडे लावणारा तिसरा. लोक पुढचा हिवाळा येईपर्यंत याचाच काथ्याकूट करत. कोणी धीर करून विचारलेच तर आबा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "सोयीनं बसवलं बुवा." यंदा कुरकुर फारच वाढली, तेव्हा आबांनी भर सभेत जाहीर केले की या वर्षी पंगती कॉम्प्युटर पाडेल. त्याला ना सोयरे, ना भाऊबंद. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. (हातांना ऊब येते.)

मग आबांनी हिलालला आत बोलावून गट कसे पाडायचे ते सांगितले. मला, म्हणजे हेडक्लार्कला, बाहेर उभे केले, चपलांपाशी. हिलालने कागद काढून दाखवला. सभासदांची नावे, प्रत्येकापुढे गाव आणि ह किंवा न असे एक कोड्यातले अक्षर, आणि एकेक गट संपला की खाली बेरजेची ओळ: माणसे इतकी, वांगी इतके किलो, भाकरी इतक्या. काम इतके देखणे की मला बरे वाटले, आणि लगेच बरे वाटेनासे झाले, कारण मी तिसऱ्या पंगतीत होतो. मी विचारले, ही बेरीज कोणाची? म्हणाला, गटाची. गट कशाचा? म्हणाला, आबांनी सांगितला त्याचा. म्हणजे कशाचा? तर तुमचा लेक, ज्याला मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने चहा देतो, खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाला, "फुवा, मला कशाला विचारता? यालाच विचारा ना."

भाऊ, आता चष्मा लावा आणि नीट वाचा. तुमच्या दुकानात भिंतीवर पान्यांचा संच टांगलेला आहे ना, ज्या बोल्टला जो लागेल तो? तसाच या यंत्राच्या माहितीशी बोलण्यासाठी तयार हुकमांचा एक संच येतो. हिलाल त्याला लायब्ररी म्हणतो. त्यात एक चिमुकला पाना आहे, डीबी-बायलिस्ट नावाचा. त्याला काम एकच. बेरजेची ओळ समोर आली की तिच्याकडे बोट दाखवून त्याला विचारायचे: ही बेरीज कोणकोणत्या रकान्यांवरून गट पाडून केली? तो निमूटपणे रकान्यांचे नंबर हातावर ठेवतो. ज्या क्रमाने गट पाडले, त्याच क्रमाने. रकाने किती, तेही सांगतो. गटच पाडलेले नसतील, सगळ्यांची मिळून एकच बेरीज असेल, तर शून्य म्हणतो. आणि मुळात नसलेल्याच बेरजेबद्दल विचारले तर शून्यसुद्धा देत नाही, गप्प बसतो. (हा गुण आमच्या संचालक मंडळात एकालाही नाही.) लाजत नाही, खाकरत नाही, खांद्यावर हात ठेवत नाही, "सोयीनं" म्हणत नाही. विचारले, की सांगितले!

तुम्ही म्हणाल, यात एवढे उड्या मारण्यासारखे काय? अहो भाऊ, पन्नाशीला टेकलो मी. आजवर मला कुठल्या ना कुठल्या गटात ढकलणारे किती भेटले असतील! मास्तरांनी मागच्या बाकावर बसवले, साहेबांनी बढतीत मागे ठेवले, लग्नाच्या मांडवात टोपीवाल्या अनोळखी इसमाने "तुम्ही तिकडं" म्हणून हाताने दिशा दाखवली. तिकडे गेलो. जेवलो. पण कशावरून, हे एकाने सांगितले असेल तर शपथ! आणि इथे कोणा परदेशी शहाण्याने बसून, खास एवढ्याच कामासाठी, एक अख्खा हुकूम लिहून ठेवला आहे. मला तर त्याच्या नावाने तिथेच नारळ फोडावासा वाटला. (हिलाल म्हणाला, नारळाचे पाणी यंत्रात जाईल.)

हिलालने माझ्यासमोर तो चालवला. पडद्यावर आले: गट कशावरून: ७, ४. चार नंबरचा रकाना म्हणजे गाव, हे मला माहीत होते. सातवा कसला? हिलाल म्हणाला, "आबांनी बजावलंय, सांगायचं नाही." मी आत्याच्या नवऱ्याचा अधिकार वापरून पाहिला, मंदाच्या हातच्या डाळगंडोरीचे आमिष दाखवून पाहिले. नाही म्हणजे नाही. उलट मलाच म्हणाला की ही ओळ फक्त तपासणीपुरती घातली आहे, शेवटची प्रत छापताना काढून टाकीन. तुमच्या चिरंजीवांचा एक गुण तुम्ही जाणताच. मोटार गुंडाळायची, झाकण लावायचे, आणि पक्कड आतच विसरायची. तेच झाले. शेवटची प्रत छापली, आणि पक्कड आत राहिली.

रविवारी मळ्यात विहिरीजवळच्या तारेच्या कुंपणावर तो लांबलचक कागद टांगला. भाजणीचा धूर, केळीच्या पानांचे ढीग, आणि आपले नाव शोधायला झुंबड. आता इथे यशोदाबाई येतात. या चोपड्याकडच्या. नवऱ्यामागे बाग स्वतः बघतात, बोलतात अहिराणीत, आणि असे बोलतात की दोन शेते पलीकडचा पंपही बंद करून ऐकावे. दरवर्षी चौथी पंगत. त्या चष्मा सावरत कागदापुढे उभ्या राहिल्या, आपले नाव सापडले, पुन्हा चौथ्यात, आणि मग बेरजेच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी हिलालला हाक मारली.

"हाई सात आनि चार काय शे रे, भाऊ?"

हिलालचा चेहरा मी पाहिला. पक्कड कुठे राहिली ते त्याला त्या क्षणी आठवले. त्याने आबांकडे पाहिले. आबा केळीच्या घडाकडे पाहू लागले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

"चार म्हणजे गाव," हिलाल म्हणाला.

"आनि सात?"

मी मागून डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी हातांनी खुणावत होतो: वय सांग! शेत सांग! रक्तगट सांग, पण काहीतरी दुसरे सांग! पोराची सहा महिन्यांची कच्ची नोकरी, अर्धी संपलेली, आणि ती देणारा माणूस दहा हातांवर उभा. आणि हे घ्या तुमचे टायपिंग करणारे पोरगे. त्याने शर्टाची बाही खाली केली आणि सरळ सांगितले, "सात म्हणजे लग्न हजर. आबांच्या मुलाच्या लग्नाला जो आला त्याच्यापुढे ह, आला नाही त्याच्यापुढे न. आधी त्यावरून गट, मग गावावरून, आणि त्याच क्रमाने पंगती."

जाळात एक वांगे फुटले. मला वाटले, आता उठाव होणार, लोक म्हणणार की हे काय, संघ आहे की आबांचे घर? भाऊ, एक माणूस तसे म्हणाला नाही! सगळे एकदम ओरडू लागले की मी होतो! ज्याच्या नावापुढे न, तो पुरावे देऊ लागला. एकाने मांडवाचा रंग सांगितला. एकाने जिलेबी कच्ची होती असे सांगितले (आणि पाचजणांनी दुजोरा दिला, त्यामुळे आबांच्या घरच्या बायका वेगळ्याच चिडल्या). एकजण म्हणाला, नवरदेवाची घोडी माझ्याच पायावर पाय देऊन गेली, आणि बूट काढू लागला. याउलट भुसावळचे एक गृहस्थ पहिल्या पंगतीच्या यादीत ह मिरवत होते, ते लग्नाच्या दिवशी इस्पितळात होते, भिंतीवरचे घड्याळ मात्र त्यांनी मुलाबरोबर पाठवले होते. तिथे उलगडा झाला. आबांच्या दिवाणजीने हजेरी घेतली होती ती आहेरावरून. आहेर आला, माणूस आला. आहेर नाही, माणूस नाही. (मी खरोखरच गेलो नव्हतो, कारण त्याच दिवशी धुळ्यात तुमच्या नव्या वर्कशॉपची पूजा होती आणि तुमच्या भगिनीने मला निवडीचे स्वातंत्र्य ठेवले नव्हते. म्हणजे माझी तिसरी पंगत ही तुमची देणगी. राग नाही, नोंद केली.)

एवढ्यात यशोदाबाईंनी पदर खोचला. "दोन दिन, दोन दिन चुल्हापुढे मांडा करात मी! तुन्हा पाव्हनासले जेवाडं, आनि मी लगीनमा नव्हतू?" खरेच होते ते. खापरावरचे मांडे करायला त्यांना खास बोलावले होते. जिने अख्ख्या लग्नाला पुरणाचे मांडे घातले, तिच्या नावापुढे न. आबांची मिशी खाली आली. "अक्का, तुमचं चुकून झालं असंल," असे काहीतरी पुटपुटले.

मी कुंपणाला अगदी खेटून उभा होतो. (धक्काबुक्कीत तिथेच अडकलो होतो, शूरपणा समजू नये.) नजर सहज कागदावर फिरत होती आणि फैजपूरच्या नावांत थांबली. जे दिसले ते तोंडातून निघून गेले, आणि दुर्दैवाने मोठ्याने निघून गेले: "आबा, तुमच्याही नावापुढे न आहे."

"माझ्या?" आबा म्हणाले. "माझ्याच पोराच्या लग्नाला मी नव्हतो?"

"मंग आहेर दिधा का तू?" यशोदाबाई म्हणाल्या.

भाऊ, पहिल्यांदा हसला तो वांगी भाजणारा. त्याच्या हातातला चिमटा थरथरू लागला. मग त्याच्या शेजारचा. मग ते हसू केळीच्या बागेतून असे पसरले की पलीकडच्या रस्त्यावर एसटी हळू झाली. स्वतःच्या हिशेबाने धनसिंगआबा स्वतःच्याच मळ्यात चौथ्या पंगतीला! आबा काही वेळ मिशी चावत उभे राहिले. मग हात ठेवायला जवळ कोणाचा खांदा नव्हता म्हणून त्यांनी तो विहिरीच्या कठड्यावर ठेवला, आणि तेही हसले.

आता बसवायचे कसे? यशोदाबाई तोवर कागदाच्या शेवटच्या पानापाशी पोचल्या होत्या. तिथे सगळ्यात खाली एकच बेरीज होती, आणि वर "गट कशावरून:" याच्यापुढे शून्य.

"आठे काय लिखेल शे?"

"काही नाही, आजी. इथे गटच पाडलेले नाहीत. ही सगळ्यांची मिळून बेरीज."

"मंग आसंच बसाडा ना बठ्ठासले!"

आणि बसवले! केळीच्या दोन ओळींमधून, पाटाच्या काठाकाठाने, विहिरीपासून पार रस्त्याच्या फाटकापर्यंत एकच पंगत. पाने बागेतलीच. मी असे दृश्य पाहिले नाही आणि पाहणार नाही. भुसावळचे घड्याळवाले, बूट काढलेला माणूस, यशोदाबाई, आबा, मी, सगळे मांडीला मांडी लावून. तीनशे माणसांचे भरीत एकदम करायचे आणि विहिरीपासून फाटकापर्यंत वाढत जायचे, म्हणजे जेवा म्हणेपर्यंत ते पार गारठले, हे मी लपवत नाही. पण सगळ्यांचेच गारठले! मी वर्षानुवर्षे मागच्या पंगतीत जेवल्यामुळे मला फरक कळला नाही. पहिल्या पंगतीच्या जुन्या मानकऱ्यांचे चेहरे मात्र बघण्यासारखे होते. पहिला घास तोंडात घालून ते एकमेकांकडे बघत होते की, अरे, बाकीचे इतकी वर्षे हे खात होते?

सोमवारी आबांनी हिलालला बोलावले. मीही गेलो, रिकाम्या हाताने, मनात राजीनाम्यापासून गयावयेपर्यंत सगळे तयार ठेवून. आबांनी त्याला विचारले, "मी बजावलं होतं ना? मग का सांगितलंस?" हिलाल म्हणाला, "त्यांनी विचारलं म्हणून." एवढेच. आबांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, "दिल्लीचा व्यापारी आपल्या मालाच्या वजनात घट कापतो. कोणाची जास्त, कोणाची कमी. कशावरून कापतो, हे त्या तुझ्या हुकमाला विचारता येईल का रे?" हिलाल म्हणाला, तो हुकूम आपण पाडलेल्या गटांचेच सांगतो, परक्याच्या पोटातले नाही. पण सगळी बिले आत भरून द्या, निरनिराळ्या रकान्यांवरून गट पाडून बघू, कुठल्या रकान्यावर घट वाढते ते दिसेल. आबांनी टेबलावर थाप मारली. जानेवारीपासून हिलाल संघात कायम! (आबांना साक्षात्कार झाला आहे असे समजू नका. दुसऱ्याचे रकाने उघडायला माणूस हवाच असतो.) परवा ऑर्डर निघाली. मंदाने देवापुढे साखर ठेवली, हिलालने ती खाल्ली, आणि पत्र वाचल्यापासून प्रथमच मीठ मागितले.

तर भाऊ, हकीकत ही अशी आहे. मुलगा तुमचा, दुकान तुमचे, किल्ली तुमच्या कमरेला. पाठवा म्हणालात तर संक्रांतीआधी त्याला एसटीत बसवून देईन, तिळगूळही बांधून देईन. घरच्या निर्णयात मी मध्ये पडणार नाही. वहिनींना नमस्कार, कमलला आशीर्वाद. गुडघ्याला जपावे.

आपला,
पितांबर

ता. क. "मध्ये पडणार नाही" हे मंदाने वाचले आणि विचारले, मग इतकी पाने कशाला लिहिलीत? मुद्दा बिनतोड आहे. तेव्हा पडतो. भाऊ, तुमची मुले दोन. त्यांचे तुम्ही गट पाडलेत. हिलाल दुकानाच्या गटात, कमल लग्नाच्या गटात. कशावरून? मी फक्त रकान्याचा नंबर विचारतो आहे. कामावरून म्हणावे, तर मोटारीत पक्कड विसरणारा एक आणि ती शोधून काढणारी दुसरी. आवडीवरून म्हणावे, तर हिलाल दुकानात बसला की गिऱ्हाइकाला बघून पुस्तकात तोंड लपवतो, आणि कमल बारावीपासून तांब्याच्या तारेचा नंबर नुसत्या बोटांनी ओळखते. कमल उद्या लग्न होऊन जाईल, असे तुम्ही म्हणाल. जाईलही. हिलाल तर लग्न न होताच गेला आहे. तेव्हा माझी खरी विनंती ही आहे, आणि ती वर कुठेही धड लिहिलेली नाही: किल्ली द्यायचीच आहे ना? द्या. कमलला द्या. नसेल द्यायची तर नका देऊ, पण मग तिने विचारले तर कशावरून ते तिला सांगा. हिलालने यशोदाबाईंना सांगितले तसे. सरळ.

दुसरा ता. क. कमलने मला यासंबंधी काहीही लिहिलेले नाही. (तिने मला असेच लिहायला सांगितले आहे.)

तिसरा ता. क. वर ज्याचे रडगाणे लिहिले तो पंखा तुम्हाला आठवत असेल. गेल्या दिवाळीत जळलेला तो तुमच्याकडे घेऊन आलो, तुम्ही बाजारात गेला होतात. हिलालने गुंडाळला, तर उलटा फिरून भिंतीला वारा घालू लागला. कमलने शेंगदाणे खात खात तो उघडला आणि चहा होईपर्यंत सरळ केला. तुम्ही आलात, बटण दाबलेत, आणि "वा रे हिलाल!" म्हणून त्याची पाठ थोपटलीत. तो "मी नाही, मी नाही" म्हणत होता. (पंख्याचा अजिबात आवाज येत नव्हता, तरी ते तुम्हाला ऐकू गेले नाही.) आज ते यंत्र ज्या वाऱ्यावर तगून आहे तो वारा कमलचा आहे, म्हणून पंखा परत मागण्याचा अर्ज मी फाडून टाकला. त्या दिवशी तुम्ही मजुरी घेतली नाहीत, घरचाच पंखा आहे म्हणालात. पंखा घरचा, काम मात्र कारागिराचे. रिवाइंडिंगचे साठ रुपये आज मनीऑर्डरने पाठवले आहेत, कु. कमल सुकदेव महाजन, मोटार मेकॅनिक, या नावाने. पोस्टमनला सही तिचीच लागेल. तेव्हा तो आला की तिला कामावरून उठवू नका, त्यालाच वर्कशॉपमध्ये आत बोलवा.